हाडावरून कसं कळतं: पाणमांजर खाल्लं की सोललं?

विश्वामित्रीकाठ
नमस्कार मंडळी. माझी भाची इथे बडोद्यात पुरातत्त्व शिकते. दिवाळीनंतर एकदा रात्री जेवणं झाल्यावर तिने मला एका जबड्याची प्लास्टरची प्रत दाखवली. पाणमांजराचा खालचा जबडा, माझ्या करंगळीपेक्षा जरा लांब. त्याच्या बाहेरच्या अंगाला तीन बारीक रेघा होत्या, जवळजवळ समांतर. ती म्हणाली, "मामी, याला फरसाठी मारलंय."

मी म्हटलं, कशावरून? खाल्लं नसेल कशावरून? तिने काहीतरी सांगितलं, पण मला अर्धंच कळलं, आणि तिला सकाळी लवकर निघायचं होतं. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. फर कुजून जाते, शिवलेले कपडे कुजून जातात, व्यापाऱ्याची वही उरत नाही. उरतं ते हाड. मग हाडाला फरबद्दल कसं विचारायचं? इथे या विषयातले कुणी असतील तर सांगा. आणि आपल्याकडे, गुजरातेत किंवा महाराष्ट्रात, असा व्यापार होता का?

लिलोचिवडा
वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

दांडियाबाजारकर
ताई, विषय छान आहे, पण आधी एक शंका. पाणमांजर म्हणजेच ऊदमांजर ना? आमची आजी ऊदमांजर म्हणायची, ते रात्री छपरावर यायचं आणि पिकलेल्या पपया खायचं. त्याची फर कुणी कशाला घेईल?

अस्थिरेषा
@दांडियाबाजारकर, तुमच्या आजींच्या छपरावर यायचं ते ऊदमांजर. तो प्राणी वेगळा, तो पाण्यात राहत नाही. गोंधळ होतो तो हिंदीमुळे, कारण हिंदीत पाणमांजराला ऊदबिलाव म्हणतात. गुजरातीत सरळ जळबिलाडी. भारतात पाणमांजराच्या तीन जाती आहेत. आपल्या नद्यांत दिसतं ते बहुधा गुळगुळीत केसांचं मोठं पाणमांजर, सात ते अकरा किलोंचं, कुटुंबकबिला घेऊन फिरणारं.

आता ताईंचा प्रश्न. मी प्राण्यांच्या हाडांवरच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्राणी खायचा असेल तर सुरी मांसाकडे जाते. खुब्याचा सांधा, खांदा, मांडीचं हाड, बरगड्या, पाठीचा कणा. सांधा सुटा करताना सुरी हाडाला लागते आणि खूण तिथेच राहते. पुष्कळदा आतल्या मज्जेसाठी हाड फोडलेलं असतं, कुठे भाजल्याची काळी कड असते. कातडी हवी असेल तर सुरी जिथे मांस नाही तिथे जाते. पंजाच्या वर गोल, नाकाडाभोवती, डोळ्यांच्या आणि कानांच्या कडेने, जबड्याच्या बाहेरच्या बाजूने. तिथे चामडी थेट हाडाला चिकटलेली असते, म्हणून रेघ उमटते. जबड्यावर खाण्याजोगं काय असतं? अगदीच थोडं. भाचीने तेच पाहिलं असणार.

पण एका जबड्यावरून "फरसाठी मारलं" म्हणणं घाईचं होईल. आम्ही सगळी हाडं मांडतो आणि पाहतो की कुठली आहेत, कुठली नाहीत. पाणमांजराची कातडी पोटावर उभा काप घेऊन काढत नाहीत. मागच्या पायांकडून चिरत आणतात आणि मग मोजा उलटा काढावा तशी डोक्याकडे ओढतात. त्यात पंजे बहुतेकदा कातडीलाच राहतात. म्हणजे एका जागी सांगाडा आहे पण पंजे नाहीत, आणि दुसऱ्या जागी नुसती पंजांची हाडं आहेत. पहिली जागा सोलणाऱ्याची, दुसरी विकणाऱ्याची किंवा शिवणाऱ्याची.

स्वीडनमध्ये बिर्का नावाचं व्हायकिंग काळातलं व्यापारी शहर आहे. तिथल्या १९९० ते १९९५ च्या उत्खननात खार, कोल्हा, मार्टेन (मुंगसासारखा दिसणारा मऊ फरचा प्राणी) अशा फरच्या प्राण्यांची हाडं मिळाली, त्यांत पायाच्या हाडांचा भरणा फार. तयार कातडी आली, पंजे तिथे कापून टाकले, असा त्याचा अर्थ लावतात. डेन्मार्कमधलं रिंगक्लोस्टर हे अश्मयुगीन ठिकाण याच्या उलट. तिथे मार्टेनचे जवळपास अख्खे सांगाडे, डोक्यावर आणि पायांवर सोलल्याच्या खुणा. धंद्याची दोन टोकं.

कोरडीमाती
+१. आम्हाला वर्गात हे शिकवताना सर म्हणाले होते, "नसलेलं हाड वाचायला शिका." तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलं.

दांडियाबाजारकर
आजीचं ऊदमांजर निर्दोष सुटलं, आनंद झाला. पण मला पटत नाहीये. कुत्र्याने चावलं तरी रेघा पडतात. गाई-बैल तुडवून गेले तरी पडतात. खोदणाऱ्याची खुरपी लागली तरी पडते. मग?

अस्थिरेषा
रास्त प्रश्न. दाताची खूण तळाशी गोलसर असते, खड्डे असतात, हाडाचं टोक चघळलेलं असतं. तुडवल्याच्या रेघा उथळ, वाटेल त्या दिशेला, हाडभर पसरलेल्या. सुरीची रेघ इंग्रजी व्ही अक्षरासारखी, खाली टोकदार, आणि दुसऱ्या सांगाड्यावरही त्याच जागी सापडते. खुरपीची रेघ ताजी असते, आतलं हाड पांढरं दिसतं, तर जुन्या रेघेचा रंग बाकी हाडासारखाच असतो. शंका असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. तरीही ठरलं नाही तर "अनिश्चित" असा शेरा लिहितो, आणि तो लिहायला लाजत नाही.

वाडीतला_बाळू
मी शिकलेला माणूस नाही, पण या विषयात दोन शब्द बोलू शकतो. आमचे वडील बकऱ्याचा धंदा करायचे. मी बारा वर्षांचा असल्यापासून त्यांच्याजवळ उभा राहून सोलायला शिकलो.

ताई म्हणतात ते बरोबर आहे. सुरी फक्त सुरुवातीला लागते. खुराच्या वर गोल फिरवायची, मांडीच्या आतून एक रेघ घ्यायची, बस. त्यानंतर सुरी बाजूला. मग मूठ मारायची. चामडी आणि मांस यांच्या मध्ये मूठ घालून रेटत न्यायची, चामडी आपोआप सुटते. सुरीने काढायला गेलं तर चामडीला भोक पडतं आणि भोक पडलेल्या चामडीला व्यापारी निम्मा भाव देतो. वडील सांगायचे, हाडाला सुरी लागली तर धार जाते आणि अब्रूही जाते.

म्हणून माझं म्हणणं असं की चांगल्या हाताने सोललेल्या जनावराच्या हाडावर खूण सापडणारच नाही, किंवा पायाशी एखादीच सापडेल. तीन रेघा दिसल्या तर तो नवखा असेल, किंवा घाईत असेल. डोकं सोलणं मात्र अवघड, तिथे सुरीशिवाय चालत नाही. जबड्यावरच्या रेघा त्यामुळे असतील.

अस्थिरेषा
बाळूदादा, तुमचा प्रतिसाद मी उतरवून घेतला आहे. खुणा नाहीत म्हणजे सोललं नाही असं आम्ही कधी म्हणू नये, याला इतकं सरळ कारण मला कुणी दिलं नव्हतं. विद्यार्थ्यांना दाखवायला याल का एकदा? मनापासून विचारते आहे.

वाडीतला_बाळू
येईन की. बकरा तुम्ही आणा.

सुमतीमावशी
मला पाणमांजर माहीत आहे ते जातककथेतून. लहानपणी वडील सांगत. दोन पाणमांजरं, एक काठाकाठाने फिरणारं, एक खोल पाण्यात जाणारं. दोघांनी मिळून मोठा रोहित मासा ओढून काढला आणि वाटणीवरून भांडत बसले. कोल्हा पंच झाला. शेपूट एकाला, डोकं दुसऱ्याला, आणि मधला भाग न्यायाधीशाचा! वडील कोर्टात कारकून होते, ही गोष्ट सांगताना फार रंगायचे. म्हणजे त्या काळी लोकांनी या प्राण्याला नीट पाहिलं होतं, दोघं मिळून मासा धरतात हेसुद्धा.

नवसारीची_सून
मावशी, तुमच्यावरून आठवलं. अवांतर आहे, पण राहवत नाही. माझं सासर नवसारीचं, शेजार सगळा पारशी. शेजारच्या एका वृद्ध काकांनी सांगितलं होतं की त्यांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात 'उद्र' नावाच्या पाण्यातल्या कुत्र्याला मारण्याची शिक्षा दहा हजार फटके आहे. मला वाटलं, काका वाढवून सांगताहेत. नंतर भाषांतर वाचलं तर खरंच चौदावं प्रकरण त्याच्यावरच आहे. हजार कुत्रे आणि हजार कुत्र्या मरतात तेव्हा त्यांच्या प्राणांतून पाण्यात उद्रांची एक जोडी जन्मते, आणि उद्राला मारलं तर जमीन सुकते. बहुतेक अभ्यासक हा उद्र म्हणजे पाणमांजरच मानतात.

माझ्या मनात येतं ते असं: ज्याला कुणी मारत नाही त्याच्यासाठी एवढी शिक्षा कोण लिहील?

दांडियाबाजारकर
शेवटचं वाक्य आवडलं. शब्दही आपलाच. संस्कृतातही 'उद्र', उद् म्हणजे पाणी. यजुर्वेदातल्या अश्वमेधाच्या पशूंच्या यादीत आहे. यजुर्वेदाचा भाष्यकार महीधर त्याचा अर्थ खेकडा करतो, तैत्तिरीय संहितेवरचं भाष्य पाण्यातलं मांजर म्हणतं. मी मांजराच्या बाजूने.

चंबळकाठचा
ग्वाल्हेरहून लिहितो आहे. आमच्या चंबळेत पाणमांजरं अजून आहेत. घडियाल बघायला लोक येतात आणि ही मंडळी फुकटात दिसतात. मागे हिवाळ्यात पहाटे नावेतून सहा जणांचं कुटुंब पाहिलं, वाळूवर लोळून अंग कोरडं करत होतं. नावाड्याने वल्हं थांबवलं आणि पाच मिनिटं कुणी बोललं नाही.

तेव्हा नावाड्यानेच सांगितलं की त्याच्या वडिलांच्या काळात बाहेरून माणसं लोखंडी सापळे घेऊन यायची. काठावर पाणमांजरांच्या विष्ठेच्या ठरलेल्या जागा असतात, तिथेच सापळा लावायचा. कातडी मिठात घालून न्यायची आणि धड तिथेच वाळूत टाकायचं. अस्थिरेषाताईंचं वाचलं आणि अंगावर काटा आला. ते वाळूतलं धड उद्या कुणाला सापडलं तर पंजे नसतील.

लिलोचिवडा
मला एक कळत नाही. आपल्याकडे मे महिन्यात बेचाळीस अंश. बडोद्यात फरचा कोट कोण घालणार? व्यापार असायला गिऱ्हाईक लागतं. मला वाटतं भारतात हा विषयच नाही, हे सगळं थंड देशांचं.

नर्मदेहर
@लिलोचिवडा, गिऱ्हाईक गावातच असावं लागतं असं कुठे आहे? आपण निळीची शेती केली ती काय आपले कपडे रंगवायला?

भारतातल्या पाणमांजराच्या कातडीचं गिऱ्हाईक होतं तिबेटात. तिथल्या 'चुबा' या पायघोळ अंगरख्याच्या काठाला वाघ, बिबट्या आणि पाणमांजराची कातडी लावायची पद्धत होती. ऑक्टोबर २००३ मध्ये तिबेटात सांगसांग इथे एकाच वाहनात ३१ वाघांची, ५८१ बिबट्यांची आणि ७७८ पाणमांजरांची कातडी सापडली. सातशे अठ्ठ्याहत्तर. बातम्या वाघांच्या झाल्या. जानेवारी २००६ मध्ये आंध्रातल्या अमरावतीला झालेल्या बौद्धांच्या कालचक्र सोहळ्यात दलाई लामांनी अशी कातडी वापरू नका असं सांगितलं आणि तिकडे लोकांनी आपली किमती वस्त्रं रस्त्यावर आणून जाळली. २०१९ मध्ये गुळगुळीत केसांच्या पाणमांजराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली.

दुसरं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. समुद्री पाणमांजराच्या फरच्या व्यापारात मुंबईचं नाव आहे. अलास्काकडे गेलेल्या बेरिंगच्या रशियन मोहिमेचं जहाज १७४१ मध्ये उत्तर पॅसिफिकमधल्या एका बेटापाशी फुटलं. त्यातून जगलेल्या खलाशांनी नऊशेच्या आसपास कातडी परत नेली आणि रशियन शिकारी तिकडच्या बेटांवर तुटून पडले. पुढे इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतल्या खलाशांनी अमेरिकेच्या किनाऱ्यावर किरकोळ वस्तू देऊन घेतलेली कातडी चीनमधल्या कॅन्टनला मोठ्या किमतीला विकली. ही बातमी फुटताच डिसेंबर १७८५ मध्ये मुंबईहून दोन जहाजं निघाली, 'कॅप्टन कुक' आणि 'एक्सपेरिमेंट'. मुख्य होता जेम्स स्ट्रेंज, पैसा मुंबईच्या व्यापाऱ्यांचा. आजच्या कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या नूटकापर्यंत जाऊन कातडी आणली, पण धंदा तोट्यात गेला. बेचाळीस अंशांच्या देशातून निघालेली जहाजं होती ती, लिलोभाऊ.

लिलोचिवडा
मागे घेतो. ७७८ चा आकडा वाचून गप्प बसलो. एका वाहनात!

कोरडीमाती
नर्मदेहर काका, मुंबईचं हे माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढा ना. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

समुद्री पाणमांजरावर एक ताजं काम आहे. ऑरेगॉन विद्यापीठाच्या मॅडोना मॉस यांचा २०२० चा लेख. दक्षिणपूर्व अलास्कात तिथल्या मूळ रहिवासी ट्लिंगिट लोकांच्या जुन्या वस्त्यांतून आलेली हाडं त्यांनी तपासली. प्रश्न ताईंचाच: पूर्वज हे प्राणी खायचे की नाही? खुणा मुख्यतः कातडी काढण्याशी जुळतात असं निघालं. हा प्रश्न नुसता अभ्यासाचा नाही. शिकारीचा हक्क कुणाला, कशासाठी, यावर तिथे आजही वाद आहेत. हाड कोर्टात साक्षीला उभं राहतं.

दांडियाबाजारकर
आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. आपल्याकडे पुरावा का ऐकू येत नाही? आपल्या बडोद्याच्या विद्यापीठाने १९५० पासून गुजरातभर खोदलंय.

अस्थिरेषा
हाडं आपल्याकडे उत्तम टिकतात, निदान गुजरातेत. मेहसाण्याजवळ लांघणजला पुरातत्त्वज्ञ सांकलियांच्या उत्खननात गेंड्याचं खांद्याचं हाड मिळालं, तेही ऐरण म्हणून वापरलेलं. आज तिथे गेंडा सांगितला तर लोक हसतील. कोकणात मात्र माती आम्लधर्मी, ती हाड खाऊन टाकते. तिथे नदी-खाड्यांत पाणमांजरं कितीही असोत, हाडाची आशा कमी.

खरी अडचण चाळणीची आहे. पाणमांजराच्या पंजाचं हाड तुमच्या बोटाच्या पेरापेक्षा लहान. हाताने वेचलं तर गाईचं, म्हशीचं, बकरीचं हाड येतं आणि ही बारीक हाडं मातीच्या ढिगात जातात. फरचा सगळा पुरावा तर पंजातच! मी विद्यार्थिनी असताना एका ठिकाणी आठ दिवस होते. तिथे चाळणी कोपऱ्यात उभी होती आणि वेळ नाही म्हणून कुणी हात लावत नव्हतं. शेवटच्या दिवशी मी हट्टाने दोन टोपल्या माती दोन मिलिमीटरच्या जाळीतून पाण्याखाली चाळली. माशांचे मणके, उंदरांचे दात, एका लहान मांसभक्षकाच्या बोटाची दोन हाडं. दोन टोपल्यांत. बाकीची माती शेतात पसरली गेली होती. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

आणखी एक पेच. वस्तीत माशांची हाडं खूप मिळाली म्हणून माणसं मासे खात होती असं लिहितात. स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरच्या काही नवाश्मयुगीन कबरींत माशांच्या बारीक हाडांचे थर मिळाले. माणसांनी मृतांना मासे वाहिले असं वाटलं असतं, पण पाणमांजरं त्या कबरीत राहायला गेली होती आणि ती त्यांची विष्ठा होती, असं आता मानतात. म्हणजे आपण पाणमांजर शोधायला जावं आणि त्यानेच आपल्याला फसवावं.

चंबळकाठचा
ताई, पाळीव असेल तर? बांगलादेशात नराइलकडे कोळी अजून पाणमांजरं पाळतात, दोरीला बांधून नावेतून नेतात आणि ती मासे जाळ्याकडे हाकतात. ते मेलं तर?

अस्थिरेषा
तर पंजांसकट अख्खा सांगाडा मिळेल, खुणा नसतील. पुरलं असेल तर हाडं जागच्या जागी. म्हातारं असेल तर दात झिजलेले. दोरीला बांधलेल्या प्राण्याचं वय होऊ देतात, सापळ्यातल्याचं नाही.

नर्मदेहर
मला या सगळ्यात सर्वांत थरारक वाटलेली गोष्ट सांगतो. पाणमांजराचं हाड न पाहताही शिकार ओळखता येते.

अलास्काच्या पश्चिमेला अॅल्युशियन बेटं आहेत. तिथल्या अमचिट्का बेटावर जुन्या वस्तीचे उकिरडे थरांनी साचलेले आहेत. १९७८ मध्ये सिमेनस्टॅड, एस्टिस आणि केन्यन यांनी ते थर वाचले. समुद्री पाणमांजर सागरी साळू खातं, ते काटेरी गोल जीव. पाणमांजर भरपूर असलं की साळू थोडे आणि लहान राहतात, समुद्री वनस्पतींचं रान वाढतं, मासे वाढतात. पाणमांजर मारून टाकलं की साळू माजतात, मोठे होतात, आणि सगळं रान फस्त करतात. तर उकिरड्याच्या काही थरांत साळूंच्या आणि शिंपल्यांच्या मोठ्या कवचांचा खच होता. म्हणजे त्या काळात माणसांनी जवळपासची पाणमांजरं संपवली होती. युरोपीय जहाजं यायच्या कितीतरी आधी.

पुढे जहाजं आली आणि ते सगळ्या किनाऱ्यावर झालं. १९११ मध्ये अमेरिका, रशिया, जपान आणि ब्रिटन यांनी करार करून शिकार थांबवली, तेव्हा जगात एकदोन हजारच उरली होती.

सुमतीमावशी
कोल्ह्याने मधला भाग नेला, तसंच झालं की हो.

वाडीतला_बाळू
एक विचारतो. हिवाळ्यातली चामडी आणि उन्हाळ्यातली चामडी यांत फरक असतो. बकऱ्याची सुद्धा थंडीतली केसाळ. फरवाले थंडीतच मारत असणार. हाडावरून महिना कळतो का?

अस्थिरेषा
थंड देशांत दाताच्या मुळावरच्या थरांवरून ऋतू कळू शकतो, झाडाच्या वर्तुळांसारखे थर असतात. आपल्याकडे ऋतूंचा फरक तेवढा तीव्र नाही, थर पुसट येतात. पण पिल्लांच्या दातांवरून अंदाज करता येतो. दादा, तुम्ही आधी या विषयात यायला हवं होतं.

विश्वामित्रीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस धागा उघडून बसले आहे, वरण दोनदा लागलं.

काल भाचीला सगळं वाचून दाखवलं. बाळूदादांच्या मुठीपाशी तिने मला थांबवलं आणि वहीत लिहून घेतलं. मग जबडा पुन्हा हातात घेऊन खिडकीशी गेली, तिरप्या उजेडात धरला आणि म्हणाली, "मामी, मी 'मारलंय' म्हटलं ते चुकलं. सोललंय एवढंच म्हणायला हवं होतं. मेलेलं सापडलं असेल तरी सोलतील." मला तिचं ते कबूल करणं फार आवडलं.

जानेवारीत ती पहिल्यांदा उत्खननाला चालली आहे. अस्थिरेषाताईंचं चाळणीचं वाचून ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि डबे खालीवर करू लागली. माझी रव्याची जुनी चाळणी आहे, सासूबाईंच्या वेळची, पितळी कडीची. ताई, तिची जाळी दोन मिलिमीटरपेक्षा बारीकच असेल ना? फोटो टाकते.

अस्थिरेषा
रव्याची असेल तर बारीकच, ताई, काही निसटणार नाही. पण पितळी कडी घरीच राहू द्या, मातीत खराब होईल. माझ्याकडे दोन लोखंडी चाळण्या आहेत, तिला शनिवारी पाठवा.